पंचवीस अँपिअरच्या आत

होलाफॉसच्या शाळा समितीला हवी होती शिवणाची बाई. टेबलापलीकडे समितीची मंडळी बसली होती, मधोमध गावचे पाद्रीबुवा. आस्लाउग टायग्लाननं आपले दोन दाखले त्यांच्यापुढे ठेवले, पदार्थविज्ञानाचा वर, शिवणाचा खाली. पाद्रीबुवांनी वरचा उचलून बाजूला सारला.

"आम्हांला एवढा खालचा पुरे, बाई. विजेबिजेचं शिकवायला एखादा पुरुषमाणूस बघू."

"बघा की," आस्लाउग म्हणाली. "आणि सापडला की त्यालाच शिवणही घ्यायला सांगा. मी शिकवीन तर दोन्ही शिकवीन, नाहीतर एकही नाही. माझी बोट दुपारी परत जातेय, तेवढ्यात काय ते ठरवा."

बोट तिला न घेताच परत गेली.

हट्टी म्हणावं तर हट्टी होती ती, पण उगाच नव्हे. तिचा बाप धबधब्याचं पाणी वळवण्यासाठी डोंगरात बोगदे खणणाऱ्यांतला. खाली वीजघर उभं राहिलं, तिथली वीज तारांवरून थेट धातूच्या भट्ट्यांकडे जायची, आणि बोगदेवाल्यांच्या झोपड्यांत मात्र रॉकेलचे दिवे मिणमिणायचे. सहा वर्षांच्या आस्लाउगनं बापाला विचारलं होतं, तुम्ही पाणी आणलंत तर उजेड त्यांच्याकडे कसा? बाप हसला आणि बूट काढायला लागला. उत्तर मिळालं नाही, म्हणून ती शिकायला गेली.

शाळेत तिचा खाक्या एकच: आधी मोजा, मग बोला. कपाटात एक व्होल्टमीटर आणि एक अँपिअरमीटर होता, दोन्ही तिनं समितीशी भांडून मिळवलेले. फळ्यावर ती लिहायची, विजेच्या दाबाला धारेनं भागा, रोध मिळेल. दाबाला धारेनं गुणा, पॉवर मिळेल. पोरांना विचारायची, "धबधबा उंच, पण नळी चिंचोळी, तर खाली चाक किती जोरात फिरेल?" या गावातल्या पोराला हे समजवावं लागत नसे. अर्ध्यांचे बाप वीजघरात नाहीतर भट्टीवर होते. मुलीही तेवढ्याच चटकन गणितं सोडवत. शिवणाच्या तासाला मुलगेही बसत. त्यावरून गावात थट्टा झाली, मग थट्टेचा कंटाळा आला आणि विषय मिटला.

मग जर्मन आले. त्यांच्या पाठोपाठ राजधानी ओस्लोत त्यांच्या तालावर नाचणारं सरकार आलं, आणि बेचाळीस सालच्या हिवाळ्यात त्या सरकारचं फर्मान आलं: देशातला प्रत्येक शिक्षक आजपासून नव्या संघटनेचा सभासद आहे, आणि मुलांना नव्या राजवटीची शिकवण द्यायची आहे. होलाफॉसच्या शाळेत शिक्षक दोघेच. मुख्याध्यापक ओद्वार फिटये हे पोक्त, हळू आवाजात बोलणारे, पोटदुखीचं दुखणं असलेले गृहस्थ. त्यांनी फर्मान दोनदा वाचलं, चष्मा पुसला.

"बाई, तुमचं काय ठरलंय?"

"माझं ठरायचं काय राहिलंय? तुमचं बोला."

"मला भीती वाटते," ओद्वार सर म्हणाले. "पण सही करायची त्याहून जास्त वाटते."

दोघांनी नकार लिहून पाठवला. देशभर हजारो शिक्षकांनी पाठवला. एवढ्यांना एका दमात काढणं सरकारला जमेना, तेव्हा त्यांनी शाळाच बंद केल्या. आणि कारण काय दिलं? जळण नाही!

फौजदार ब्रेक्केनं ती नोटीस होलाफॉसच्या शाळेच्या दाराला ठोकली. ब्रेक्के इथलाच, भट्टीवरच्या हिशेबनिसाचा मुलगा. नव्या सरकारचा पक्ष सत्तेवर आल्यावर त्यानं त्याचा बिल्ला लावला आणि वर्षभरात फौजदार झाला. तो गेल्यावर आस्लाउग नोटिशीसमोर उभी राहिली, आणि बर्फात उभ्या उभ्या मोठ्यांदा हसली. शाळेच्या मागे डोंगर, डोंगरावरून धो धो पाणी, पाण्याखाली वीजघर, रात्रंदिवस घरघरणारं. आणि म्हणे जळण नाही.

ती तशीच आत गेली आणि मीटरची पेटी उघडून बघितली. शाळेचा मुख्य फ्यूज पंचवीस अँपिअरचा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं दारोदार निरोप दिला. ज्याच्या घरी विजेची शेगडी असेल, त्यानं ती मुलाबरोबर शाळेत पाठवावी. गावात विजेवर ऊब घेणारी घरं बरीच होती. तिची घरमालकीण गुनवोर आजी चुलीपाशी भाजलेल्या वाटाण्यांची कॉफी ढवळत होती. कॉफी मिळेनाशी झाल्यापासून हेच पाणी.

"अगं, तुला तुरुंगात जायची एवढी घाई झालीय का?" आजी म्हणाली.

"कशासाठी नेतील? नोटिशीत लिहिलंय जळण नाही, म्हणून शाळा बंद. मी जळण आणतेय. सरकारची अडचण दूर करतेय."

आजीनं चमचा खाली ठेवला. मग खोलीच्या कोपऱ्यातून, नवऱ्यानं जुन्या पत्र्यात तारेचं वेटोळं बसवून केलेली आपली शेगडी ओढत आणली. "ही घे. म्हातारा भट्टीवर होता, त्याच्या हातची आहे. आणि जपून, हिला कधीकधी झटका द्यायची सवय आहे. त्यालाही होती."

सकाळी सगळ्या गावानं ती वरात बघितली. पोरं घसरगाड्यांवर शेगड्या बांधून, बर्फातून, मुख्य रस्त्यानं, चर्चसमोरून, फौजदाराच्या कचेरीसमोरून शाळेकडे निघाली होती. लाल विणीच्या टोप्यांवर नुकतीच बंदी आली होती, कारण त्या घालून पोरं राजवटीला वाकुल्या दाखवतात म्हणे. त्या दिवशी निम्म्यांच्या डोक्यावर निळ्या टोप्या होत्या. एकाएकी सगळ्यांना निळाच रंग कसा आवडायला लागला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

एकच खोली तापवायची आणि लहानमोठे सगळे वर्ग तिथं बसवायचे, असं ठरलं होतं. पण शेगड्या आल्या ढीगभर, आणि मुख्य फ्यूज एक.

"सगळ्या एकदम लावल्या तर?" आस्लाउगनं विचारलं.

"फ्यूज उडेल!"

"कधी उडेल?"

"पंचवीस अँपिअरच्या वर गेलं की!"

"मग मोजा. अंदाज नको, आकडा हवा."

आधी प्रत्येक शेगडीच्या पायातला धातू तिनं स्वतः तपासला, आजीच्या शेगडीला तर पायाखाली लाकडी फळी दिली आणि हात लावायची सगळ्यांना बंदी केली. मग एकेक शेगडी अँपिअरमीटरमधून जोडायला सुरुवात झाली. दाब दोनशे वीस व्होल्ट. आजीच्या शेगडीवर कुठलाच शिक्का नव्हता, पण मीटरचा काटा चारवर थांबला. मोठ्या मुलांनी पाटीवर भागाकार केला, रोध पंचावन्न ओहम. गुणाकार केला, आठशे ऐंशी वॅट. दुसरी शेगडी पाच अँपिअरची निघाली. एक तीनची, एक दोनची. एका मुलाच्या शेगडीची तर तार तुटलेली होती, काटा हललाच नाही, आणि तो रडवेला झाला. आस्लाउगनं त्याला काटा वाचायचं काम दिलं.

तेवढ्यात दारात उन्नी ब्रेक्के उभी राहिली. फौजदाराची बारा वर्षांची मुलगी, पाठीमागे घसरगाडी, तिच्यावर नवीकोरी, चकचकीत, घडीच्या पायांची शेगडी.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "नको आम्हांला तुझ्या बापाची ऊब."

"आणायला कुणी सांगितली तुला?" आस्लाउगनं उन्नीला विचारलं.

"कुणी नाही. बाबा सकाळीच बाहेर गेलेत. शाळा हवीय ना तुम्हांला? मलाही हवीय."

"मग आण पुढे." आस्लाउग मुलांकडे वळली. "मीटर बाप विचारत नाही, धारा विचारतो. काटा वाच रे."

काटा दहावर गेला. दोन हजार दोनशे वॅट! पोरांच्या तोंडून आपोआप आवाज निघाला. बेरीज झाली: दहा, पाच, चार, तीन, दोन. चोवीस. पंचवीसच्या आत! उरलेल्या शेगड्या जिन्याखाली रचून ठेवल्या, आणि दुपारपर्यंत त्या खोलीत पोरांनी कोट काढले. त्या हिवाळ्यात शाळेत कोट काढायची ती पहिलीच वेळ होती, कारण शाळा चालू असतानाही लाकूड तोकडंच मिळायचं.

ब्रेक्के आला तो धडा चालू असतानाच. मागे हाताखालचे दोन शिपाई. ओद्वार सर लहान मुलांना वाचून दाखवत होते, ते उभे राहिले. आस्लाउग फळ्याशी होती, ती उभीच होती.

"शाळा बंद आहे," ब्रेक्के म्हणाला.

"होती. जळण नव्हतं ना, फौजदारसाहेब. आता आहे. या, शेका."

काही पोरं खुसखुसली. ब्रेक्केची नजर फळ्यावर गेली. मधोमध मोठ्या अक्षरांत 'रोध' लिहिलेलं होतं. आता त्यांच्या भाषेत तारेचा रोध आणि माणसाचा विरोध, दोन्हींना शब्द एकच आहे, आणि त्या दिवसांत तो शब्द भिंतीवर लिहिला तर माणूस गजाआड जात असे.

"तो शब्द पुसा."

"मग काय लिहू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. तो शब्द चालणार नाही."

"हा नियम काढणारा ओहम जर्मन होता," आस्लाउग शांतपणे म्हणाली. "तुमच्या वरच्या साहेबांना विचारून घ्या, त्यांच्या माणसाचा नियम शिकवायचा की नाही. तोवर फळा असाच राहील."

ब्रेक्केचा चेहरा लालबुंद झाला. तो काहीतरी बोलणार, तोच त्याला खिडकीखालची शेगडी दिसली. घडीच्या पायांची, तापून तांबूस झालेली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं वर्गावरून नजर फिरवली. उन्नी तिसऱ्या बाकावर होती. तिनं मान खाली घातली नाही.

"घरी चल," तो म्हणाला.

"सुट्टी झाली की येते, बाबा."

त्यानंतर तो ओरडायलाच लागला. खरं काय ते त्याच्या तोंडून बाहेर पडलं. जळणाचा प्रश्नच नव्हता. दोघांनी इथल्या इथं संघटनेचा अर्ज भरावा, उद्यापासून शाळा उघडी, लाकूड हवं तेवढं.

"ऐकलंत?" आस्लाउग मुलांना म्हणाली. "लाकूड होतंच." मग ब्रेक्केकडे वळून, "नाही भरणार. आज नाही, उद्या नाही. तुम्ही अर्ज सोन्याच्या ताटात आणलात तरी नाही."

"आणि तुम्ही?" ब्रेक्केनं सरांना विचारलं.

"बाई बोलल्या तेच," ओद्वार सर म्हणाले. त्यांचा आवाज फारसा वर आला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला.

ब्रेक्केनं मीटरची पेटी उघडली, फ्यूज काढले आणि खिशात टाकले. शेगड्या टकटक करत गार होऊ लागल्या.

त्याच महिन्यात देशभर पुरुष शिक्षकांची धरपकड झाली. ओद्वार सरांना बोटीवर चढवून थेट उत्तरेच्या टोकाला, जर्मनांच्या मालाची ओझी उचलायला नेलं. त्यांच्या बायकोनं धक्क्यावर त्यांच्या हातात पोटदुखीची पूड ठेवली. शिपायानं ती पाण्यात भिरकावली. आस्लाउग तिथंच उभी होती. तिथून सरळ फौजदाराच्या कचेरीत गेली आणि टेबलावर हात ठेवून म्हणाली, "माझ्या शाळेचे फ्यूज द्या."

"वेड लागलंय का तुम्हांला?"

"ते शाळेचे आहेत. तुमच्या खिशात आहेत. याला आमच्याकडे चोरी म्हणतात, आणि चोरीची तक्रार फौजदाराकडेच करायची असते. लिहून घ्या."

त्यानं तक्रार लिहून घेतली नाही. तिला मात्र आत टाकलं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या तुरुंगात रवाना केलं.

तुरुंगात बायकांना सैनिकांचे मोजे रफू करायला बसवत. आस्लाउगची विचारपूस झाली तेव्हा तिनं सांगून टाकलं, मी शिवणाची बाई आहे. वॉर्डन खूश झाली, गठ्ठाच पुढ्यात टाकला. आस्लाउगनं एवढ्या बारीक, देखण्या टाक्यांनी काम केलं की वॉर्डननं बाकीच्यांना ते दाखवलं. मोजे बोटीनं पुढे गेल्यावर कळलं, की प्रत्येक मोजा टाचेपाशी आतून शिवून बंद केला होता. पाय जाणार अर्धाच! तिला अंधारकोठडी मिळाली, पाणी आणि पाव मिळाला, आणि तिच्या दोन दाढा तिथंच गेल्या. पुढे कुणी त्या गोष्टीवर हसलं की तीही हसायची, पण तोंडावर हात ठेवून.

मे महिन्यात सरकारनंच माघार घेतली. शाळा उघडल्या, आस्लाउग सुटून आली. संघटनेचं नाव कुणी काढेना. तरी गुपचूप हातोहात फिरलेलं एक निवेदन सगळीकडे शिक्षकांनी पहिल्याच तासाला वर्गापुढे वाचलं, तसं तिनंही वाचलं: मी त्या संघटनेची सभासद नाही, होणार नाही, माझं मन ग्वाही देईल तेच तुम्हांला शिकवीन. वाचताना तिचा आवाज कापत होता. अशक्तपणानं, असं ती म्हणायची. हिवाळ्याच्या तोंडाशी ओद्वार सर परत आले, दोन बोटं थंडीनं गमावून.

इथं गोष्ट संपली असती तर गावाला बरं वाटलं असतं.

पंचेचाळीसच्या मेमध्ये देश मोकळा झाला. झेंडे लागले, निळ्या टोप्या पुन्हा लाल झाल्या. ब्रेक्केला त्याच्याच कचेरीतून हात बांधून नेलं. शाळेत मुलांनी उन्नीच्या बाकावर डांबर ओतलं. आणि उन्हाळ्यानंतर शाळा उघडली तेव्हा पालकांची सभा भरली. मागणी एकच होती: फौजदाराची पोरगी आमच्या मुलांबरोबर बसणार नाही.

बोलणाऱ्यांत गुनवोर आजीही होती. तिचा नातू समुद्रावर, जर्मन टॉर्पेडोनं बुडालेल्या जहाजाबरोबर गेला होता.

"आस्लाउग," आजी म्हणाली, "त्या माणसानं तुला आत टाकलं. तुझे दात गेले. सरांची बोटं गेली. माझा तर नातूच गेला. आणि त्याची लेक आमच्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसणार?"

"बसणार."

"का म्हणून?"

"ती शाळेची मुलगी आहे म्हणून. याहून जास्त कारण माझ्याकडे नाही, आजी."

"शाळेत कुणी यावं, कुणी येऊ नये, हे गावच ठरवणार," एकजण ओरडला.

"हेच," आस्लाउग म्हणाली, "हेच मला बेचाळीसमध्ये सांगायला आले होते. वर्गात काय चालेल हे बाहेरचा माणूस ठरवणार म्हणून. तेव्हा नाही म्हटलं. तुमच्यासाठी उत्तर बदलू काय? तुम्ही आमचे म्हणून?"

सभेत एकच गलका उडाला. सगळ्यांनी ओद्वार सरांकडे बघितलं. सर टेबलावर ठेवलेल्या आपल्या हाताकडे बघत होते. "मला जमत नाहीये, बाई," ते म्हणाले. "तुमचं बरोबर असेल. पण मला जमत नाही." आणि उठून बाहेर गेले. पुढे ते शाळेत येत राहिले, उन्नीला शिकवतही राहिले, पण तिच्याकडे बघून कधी बोलले नाहीत.

आजीनं त्याच आठवड्यात आस्लाउगला खोली सोडायला सांगितली. भांडण नाही, आदळआपट नाही. "तुला बघितलं की मला जेवण जात नाही," एवढंच म्हणाली. आस्लाउगनं सामान हातगाडीवर घातलं आणि शाळेच्याच माळ्यावर बिऱ्हाड केलं. कित्येक आठवडे वर्गात मोजकी चार मुलं होती. ती त्या चौघांना पूर्ण वर्गाला शिकवावं तसं, मोठ्या आवाजात शिकवायची. मग नाताळानंतर एकेक मूल परत यायला लागलं. कुणी कंटाळून आलं, कुणाच्या बापाला परीक्षेची काळजी लागली. दोन घरांतली शेवटपर्यंत आलीच नाहीत. आजीशी बोलणं पुन्हा सुरू झालं नाही.

वसंतात शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली. पदार्थविज्ञानात उन्नी नापास झाली.

ती पेपर हातात घेऊन माळ्याचा जिना चढून आली. आस्लाउग बटाटे सोलत होती. उन्नीनं पेपर टेबलावर आपटला.

"माझ्यासाठी अख्ख्या गावाशी भांडलात, बाई. घर गेलं तुमचं. आणि इथं मला नापास केलंत? अजून गावाला काय दाखवायचं होतं तुम्हांला?"

"भांडले ते तू वर्गात बसावीस म्हणून. मार्कांसाठी नाही भांडले." आस्लाउगनं हात पुसले आणि पेपर जवळ ओढला. "हे बघ. शेगडीचा रोध चाळीस ओहम, दाब दोनशे व्होल्ट. पॉवर किती? तू काय लिहिलंयस?"

उन्नी बघेना.

"मोठ्यांदा वाच."

"पाच वॅट."

"पाच वॅटच्या शेगडीवर हे बटाटे ठेवले, तर नाताळला शिजतील का गं?"

उन्नीचे ओठ हलले. हसू होतं की रडू, ते तिचं तिलाच कळलं नसावं. "मी दाबाला रोधानं भागलं."

"म्हणजे काय मिळालं?"

"धारा. पाच अँपिअर." तिनं पेपरावर बोट ठेवलं. "तिला परत दाबानं गुणायचं राहिलं."

"नाहीतर सरळ दाबाचा वर्ग करून रोधानं भाग. कसंही कर. पुन्हा परीक्षा ऑगस्टमध्ये आहे."

"मी ऑगस्टपर्यंत इथं राहणार नाही. आई बेर्गेनला जायचं म्हणतेय. तिथं आम्हांला कुणी ओळखत नाही."

"बोट रोज असते. परीक्षेला यायचं. गाव बघेल, कुजबुजेल, धक्क्यावर कुणी थुंकेलही. तरी यायचं."

उन्नीनं खुर्ची ओढली. टेबलावर बटाट्यांच्या साली होत्या, त्या तिनं बाजूला लोटल्या, पेन्सिल मागून घेतली आणि पेपराच्या कोऱ्या पाठीवर पहिल्यापासून गणित मांडायला बसली.